चूळभर पाणी

“गिळायचं नाही, थुंकायचं नाही आणि मागे वळून बघायचं नाही,” नलूआत्या म्हणाली. “वर तंबूच्या दारात मी सांगेन तेव्हा चूळ टाकायची. तोवर जगबुडी झाली तरी तोंड उघडायचं नाही. कळलं?”

मी मान हलवली. मान हलवण्यात मी तेव्हा एकदम पटाईत होते.

घोट्याएवढ्या पाण्यात मी उभी होते. निळं म्हणावं तर निळं, हिरवं म्हणावं तर हिरवं, आणि तळाचा प्रत्येक खडा स्पष्ट दिसेल इतकं स्वच्छ. अंगावर परकर-पोलकं, हातात आत्याने गुहागरहून वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेलं तांब्याचं ताम्हन. मागे पांढऱ्या दगडाचा उंच कडा, कड्यावर मेंढ्या, मेंढ्यांच्या पलीकडे आमचा नारिंगी तंबू. आणि आजूबाजूला माणूस नावाचा प्राणी नाही.

ही जागा सार्डिनियातली. इटलीच्या नकाशात बुटाच्या डावीकडे, भूमध्य समुद्रात एक मोठं बेट दिसतं ना, ते. आम्ही राहतो तुरिनला. तिथून गाडीने जिनोव्हा, जिनोव्हाहून रात्रभर बोट, मग घाटाचा रस्ता, मग धुळीचा रस्ता, मग रस्ताच नाही. बाबांच्या ऑफिसातल्या कुणीतरी त्यांना या मेंढपाळाचं नाव दिलं होतं. त्याच्या शेताच्या कडेला तंबू ठोकायचा, त्याच्या विहिरीचं पाणी वापरायचं आणि पायवाटेने खाली उतरलं की समुद्राकाठची ही इवलीशी पुळण. बाबा वर्षभर या सुट्टीची स्वप्नं बघत होते. बोटीची तिकिटं काढून झाल्यावर आत्याचं येणं ठरलं, आणि आत्या आल्यावर कॅलेंडर बघितलं तेव्हा कळलं की गौरी नेमक्या त्याच दिवसांत.

बाबांना वाटलं, एक वर्ष राहील. दीड दिवसाचा गणपती घरी झाला, बादलीत विसर्जन झालं, आता निघू या. ते हे हळूच आत्याला म्हणाले. आत्याने बॅगेत आधीच ताम्हन, घंटा आणि तांदळाचं पीठ भरलेलं होतं. गौर माहेरी येते, ती म्हणाली, आणि माहेर म्हणजे काय पत्ता असतो का रे रंगू? जिथे माणसं तिथे माहेर. तंबू तर तंबू.

आमच्या गौरी खड्यांच्या. पाणवठ्यावरचे सात खडे कुमारिकेने मुक्याने उचलायचे, घरी आणायचे, तीन दिवस त्यांना लेकीसारखं जेवूखाऊ घालायचं आणि परत पाण्यात सोडायचं. आई अमरावतीची. तिच्याकडे महालक्ष्म्या असतात, मुखवट्यांच्या, साडी नेसून उभ्या. त्यामुळे खड्यांच्या बाबतीत तिने पहिल्याच दिवशी हात वर केले होते. वन्सं, तुम्ही सांगाल तसं. आणि बाबांना लहानपणच्या गौरींचं विचारलं तर त्यांना फक्त नैवेद्याचं घावन-घाटलं आठवायचं.

तेव्हा आत्या सांगेल तो कायदा. आणि कुमारिका घरात एकच, मी. केतकी, वय वर्षं तेरा.

खडे मुक्याने आणायचे म्हटल्यावर बाबा पटकन बोलून गेले की मग आपल्या केतूपेक्षा योग्य उमेदवार अख्ख्या युरोपात मिळणार नाही. आईने त्यांच्याकडे असं बघितलं की ते तंबूचे खुंटे तपासायला बाहेर गेले.

कारण ते खरं होतं. आता मला ओळखणारा कुणी यावर विश्वास ठेवणार नाही, पण तेव्हा मी घराबाहेर बोलत नव्हते. घरात मराठीतून बडबड चालायची, दार ओलांडलं की कुलूप. तुरिनला गेल्यावर पहिल्याच महिन्यात भूगोलाच्या बाईंनी मला फळ्यापाशी बोलावून धडा सांगायला लावला होता. मी नद्यांची नावं सांगायला लागले, आणि माझ्या उच्चारांवर वर्ग बाकं वाजवून हसला. वाईट कुणी नव्हतं, ते नुसते हसले. पण मी जागेवर जाऊन बसले ती तीन वर्षं तशीच बसले. लेखी पेपरात बरे मार्क, तोंडी परीक्षेत शून्य. आणि इटलीच्या शाळेत तोंडीला फार भाव असतो. जूनमध्ये बाईंनी आईबाबांना बोलावून सांगितलं की सप्टेंबरात शाळा उघडली की एक संधी देऊ. तेव्हाही ही फळ्यापाशी गप्प राहिली तर वर्ष पुन्हा करावं लागेल, लहान मुलांबरोबर.

शाळा उघडायला दहा-बारा दिवस राहिले होते. सुट्टीत हा विषय काढायचा नाही असं आईबाबांनी ठरवलेलं होतं, म्हणून तो सारखा तंबूत आमच्याबरोबर झोपायचा.

घरात सगळ्यांना वाटायचं, पोरीला भाषाच येत नाही. येत होती हो. सगळी येत होती. डोक्यातल्या डोक्यात मी वर्गातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायचे, बसमध्ये समोरच्यांच्या भांडणात मनातून भाग घ्यायचे. फक्त आवाज काढायचा म्हटलं की ती बाकं वाजायची कानात.

असो. तर मी चूळ भरली.

कड्याच्या पायथ्याशी एक झरा पाझरतो, तो समुद्राला मिळतो तिथले खडे आत्याने पसंत केले, कारण तिथलं पाणी गोडं. सात खडे मी वेचले. अंड्यासारखे गुळगुळीत, पांढरे, एकावर तपकिरी रेघ. ताम्हनात ठेवले, वर हिरवा खण झाकला आणि निघाले. पुढे आत्या, साडीखाली बाबांचे जुने बूट घालून. बाजूने घंटा वाजवत आई. उलटं चालत, व्हिडिओ काढत बाबा.

चूळ भरून चालणं सोपं वाटतं ना? करून बघा. चार पावलांत पाणी कोमट होतं. दहा पावलांत ते दुप्पट होतं, कारण लाळ. नाकाने श्वास घ्यायचा तर तिथे रोजमेरीच्या झुडपांचा असा वास की शिंक यायलाच हवी. आणि ज्या क्षणी तुम्हाला बोलायची बंदी होते त्या क्षणापासून जगात बोलण्यासारखं किती काय काय घडतं. बाबांच्या मागे काटेरी झुडूप होतं. ते मला दिसत होतं, त्यांना दिसत नव्हतं. ते त्यात बसले. मी गाल फुगवून बघत राहिले.

बाबा काटे काढत असतानाच वरून पावलं वाजली आणि वळणावरून एक बाई आली.

राखाडी-हिरवी वर्दी, कमरेला पट्टा, डोक्यावर चढवलेला गॉगल. वनरक्षक. आत्याच्याच वयाची असेल, उन्हाने रापलेली, वाटेच्या मधोमध उभी. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, बोनारिया. तिने आधी हसून नमस्कार केला. मग घंटेकडे बघितलं, मग परकर-पोलक्याकडे, मग ताम्हनाकडे. त्यात काय आहे, तिने विचारलं.

बाबांच्या ऑफिसात सगळं इंग्रजीत चालतं. इटालियन त्यांना भाजी आणण्यापुरतं येतं. पण घरातला कर्ता पुरुष म्हणून ते पुढे झाले आणि अतिशय नम्रपणे, एकेक शब्द जुळवून म्हणाले, “देवी. घरी नेतो. दर वर्षी नेतो.”

बाईने खण उचलला. खाली सात खडे.

तिचं हसू गेलं. का, ते आमच्यात तेव्हा एकट्या मलाच माहीत होतं. बोटीवर एक पाटी होती, वाळूच्या बाटलीवर लाल फुली मारलेली. या बेटावरून वाळू, शिंपले, खडे, काही म्हणजे काही न्यायचं नाही, मोठा दंड होतो. मी ती वाचली होती. त्यात घाबरण्यासारखं मला काही वाटलं नव्हतं, कारण आपण कुठे नेणार होतो, आपण तर परत सोडणार होतो.

बाई भराभर बोलायला लागली. लोक बॅगा भरभरून खडे नेतात, पुळणी झिजत चालल्या आहेत, आणि तुम्ही तर स्वतःच सांगता की दर वर्षी नेता. बाबांना त्यातलं ‘दर वर्षी’ तेवढं समजलं आणि त्यांनी हसून जोरात मान डोलावली. हो, हो. माझी आईसुद्धा न्यायची. तिची आईसुद्धा.

मग बाईने पासपोर्ट मागितला. हा शब्द सगळ्यांना कळतो. आईची घंटा थांबली. बाबांच्या इथे राहण्याच्या परवान्याची मुदत त्याच महिन्यात वाढायची होती, आणि पोलिसात काही नोंद होऊ नये म्हणून ते सायकलवरसुद्धा सिग्नल पाळत होते. त्यांचा चेहरा खड्यांच्या रंगाचा झाला. ते बोलायला गेले तर भाजीचेसुद्धा शब्द सापडेनात.

बाई माझ्याकडे वळली. माझे गाल बघितले. मला वाटतं माझा अवतार तेव्हा मडक्यासारखा असणार. तिने जरा वाकून विचारलं, तोंडात काय आहे?

मी मान हलवली. काही नाही.

तिचे डोळे बारीक झाले. तेव्हा मला उमगलं की या बाईला वाटतंय, मी एखादा खडा तोंडात लपवला आहे.

“तोंड उघड, बाळ,” ती म्हणाली.

तीन वर्षं मला सगळे हेच सांगत होते. शाळेतल्या बाई, आई, बाबा, शेजारचे आजोबा. सगळे हळू आवाजात, समजुतीने. तोंड उघड, बाळ.

मी आत्याकडे बघितलं. नलूआत्या बंदरावर बोलली की गुहागरात व्याडेश्वराच्या देवळात बसलेल्या माणसाला मासळीला काय भाव निघाला ते कळतं, असा तिचा आवाज. आणि ती त्या सगळ्या वेळात एक अक्षर बोलली नव्हती. ‘थांब’ नाही, ‘चूळ टाकू नकोस’ नाही. कमरेवर हात ठेवून ती नुसती माझ्याकडे बघत होती.

बाईने ताम्हनाकडे हात नेला. खडे परत पाण्यात टाकणार होती ती, तशी म्हणालीच. टाकले असते तर गौर आली कधी आणि गेली कधी. दारातून परत. आणि बाबा तसेच उभे, काट्यांनी भरलेल्या पँटमध्ये, ओठ हलवत, आवाज नाही. ते असे मी कधी बघितले नव्हते. आणि ते कसं वाटतं हे त्या वाटेवर फक्त मला माहीत होतं.

मी चूळ गिळली.

थोडी नाकात गेली. मी खोकले, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग जे बाहेर आलं त्याला मी तरी काय करणार, तीन वर्षांचं साठलेलं होतं. मी इटालियनमध्ये म्हणाले, थांबा, हात लावू नका, हे खडे आम्ही नेत नाही, ही मुलगी आहे. म्हणजे देवी आहे, पण तीन दिवस मुलगी असते. ती आईच्या घरी येते, आपण तिचे पाय धुतो, तिला घर दाखवतो, उद्या तिच्यासाठी गोड करायचं आहे, आणि परवा तिला जिथून आणली तिथेच सोडायची असते. तिथेच म्हणजे त्या झऱ्यापाशी, तुम्ही या बघायला, सातच्या सात मोजून घ्या. बाबा म्हणाले ते घर म्हणजे तुरिन नाही, तो वरचा तंबू. दर वर्षी नेतो म्हणजे भारतात, तिथल्या विहिरीवर, आणि तिथेसुद्धा परत सोडतो. पाटी मी वाचली आहे. पाटीत लिहिलंय नेऊ नका, आमच्यात पण तेच आहे, ठेवून घ्यायचं नसतं. आणि माझ्या तोंडात पाणी होतं. फक्त पाणी. तिला आणणारीने बोलायचं नसतं.

उच्चार चुकले असतील. चुकलेच. मला ऐकायला वेळच नव्हता.

बाईने हात मागे घेतला. वर मेंढ्यांच्या घंटा वाजत होत्या. मग तिने विचारलं, “पण तू तर बोललीस.”

“हो.”

“मग आता काय होतं?”

हे मात्र मला माहीत नव्हतं. मागे वळून बघितलं तर आई तोंडावर हात ठेवून उभी, आणि बाबा माझ्या कानाशी येऊन हळूच विचारत होते, “केतू, काय म्हणतायत त्या?” बाबा मला विचारत होते.

मी आत्याला सगळं सांगितलं. चूळ मोडली, मी म्हणाले. गिळली. आता गौर बाटली का?

“बोलून झालं तुझं?” आत्याने विचारलं.

“हो.”

“सगळं?”

“हो.”

“मग जा परत. खड्यांना पुन्हा पाणी लाव नि पहिल्यापासून ये. गौरीला काय घाई आहे? आणि ही बाई उभीच आहे तर घंटा दे तिच्याकडे. तुझ्या आईचा हात दुखला असेल.”

मी भाषांतर केलं. बोनारियाने एकदा आत्याच्या पायातल्या बुटांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि घंटा घेतली. मी खाली पळाले. पुन्हा सात खडे ओले केले, पुन्हा खण झाकला आणि चूळ भरायला ओंजळ उचलली.

“राहू दे आता ती चूळ,” आत्या वरून ओरडली. आवाज परत आला होता तिचा, कडा दणाणला. “चढ मोठा आहे.”

मला वाटलं, माझी दया आली.

आणि अशी आमची गौर आली. पुढे वर्दीतली बाई, अगदी गंभीर चेहऱ्याने घंटा वाजवत. तंबूच्या दारात आत्याने माझ्या पायांवर गरम पाणी घातलं, हळदीकुंकू लावलं, आणि मग खड्यांना घर दाखवत फिरवलं. गौर कशाच्या पावलांनी आली? सोन्या-मोत्यांच्या पावलांनी आली, असं आईने म्हणायचं. हे काय? गौरीचं स्वयंपाकघर, म्हणून गॅसची छोटी शेगडी. हे काय? गौरीचा पलंग, म्हणून बाबांची फुगवायची गादी, जी तोवर अर्धी चेपली होती. बोनारिया प्रत्येक ठिकाणी वाकून बघत होती. गौरीला वाहायला तेरडा नव्हता, तर तिनेच बाहेर जाऊन मिर्तोची फांदी तोडून आणली. निळ्याकाळ्या फळांचं झुडूप असतं ते, त्या बेटावर जिकडेतिकडे. हे चालेल का, तिने विचारलं. आत्याने फांदी हुंगली आणि माझ्यामार्फत कळवलं की उत्तम चालेल, पण फांदी तोडायला इथे दंड नाही ना?

बोनारिया पहिल्यांदा मोठ्याने हसली तेव्हा.

तिसऱ्या दिवशी ती सांगितल्याप्रमाणे आली, मोठ्ठं चीज घेऊन. तीन घावनं खाल्ली, चौथं रुमालात बांधून घेतलं. आत्याने लिंबू नि तांदळाने तिची ओटी भरली, तेव्हा लिंबाचं नक्की काय करायचं असतं हे तिने मला दोनदा विचारलं. मग आम्ही सगळे खाली उतरलो आणि मी खडे एकेक करून झऱ्याच्या तोंडाशी सोडले. तिने खरोखर मोजले. तपकिरी रेघेचा दिसेना तर मी गुडघ्याएवढ्या पाण्यात शिरून तो शोधून दाखवला. त्या सुट्टीत मग मी मेंढपाळाशी, त्याच्या बायकोशी, परतीच्या बोटीवर कॉफी विकणाऱ्याशी आणि त्याच्या गिऱ्हाइकांशी बोलले. जिनोव्हा येईपर्यंत बाबा म्हणायला लागले होते की केतू, जरा श्वास घे.

शाळा उघडली. बाईंनी फळ्यापाशी बोलावलं, आणि सुट्टीबद्दल काहीही सांग म्हणाल्या. मी सांगितलं. तंबू, ताम्हन, बाबांचे काटे, सगळं. वर्ग हसला. बाकंसुद्धा वाजली. मी थांबले, त्यांना हसू दिलं आणि पुढे सुरू केलं, कारण अजून चूळ यायची होती. शेवटी तास संपल्याची घंटा झाली तेव्हा बाईंनी मला खांद्याला धरून जागेवर नेऊन बसवलं.

माझं वर्ष गेलं नाही.

मागच्या सप्टेंबरात आम्ही गौरींना गुहागरला होतो. आत्याच्या सुनेने, पल्लवीवहिनीने विहिरीवरून खडे आणले. मी बाजूने घंटा वाजवत होते. वहिनी मुकी चालत होती, पण तिचे गाल नेहमीसारखे होते. मी दोनदा निरखून बघितलं.

आत्या चुलीपाशी घावनं घालत होती. मी तिच्याशेजारी बसले.

“आत्या, वहिनीने चूळ नाही भरली.”

“कसली चूळ?”

“गौर आणताना भरतात ती.”

आत्याने बिड्याच्या तव्यावरचं झाकण उचललं, कडा सुटल्या का बघितलं. “आपल्यात नसते गो चूळ. कुठे कुठे धरतात म्हणे. आपल्यात नुसतं मुक्याने यायचं.”

मी बघतच राहिले. “मग मला का?”

“तू झोपेत बोलायचीस,” ती म्हणाली. “तुझ्या खोलीत निजत होते ना मी? रोज ऐकायचे. त्या तिथल्या भाषेत, भराभरा. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण अडखळलेली कधी ऐकली नाही. म्हटलं, पोरीला येतंय सगळं. नुसती गप्प राहायची सवय लागल्ये.” तिने घावन उलटलं. “आपण होऊन मिटलेलं तोंड जड होत नाही, केतकी. दुसऱ्याने भरून ठेवलं की होतं. म्हटलं, एकदा होऊ दे जड.”

“आणि ती बाई आली नसती तर?”

“चढावर ठेच लागली असती. नाहीतर मी चिमटा काढणार होते.”

मला इतकं काही बोलायचं होतं, दोन भाषांत, एकदमच. मी तोंड उघडलं. आत्याने बिड्यावरचं गरम घावन घडी करून थेट त्यात कोंबलं.

“आता जरा गप्प बस गो,” ती म्हणाली. “दोन वर्षं ऐकत्ये.”